आधी बंद करायचं शिकवा!

मंडळी, एक सांगा! माणसाला काम दिलं, पगार दिला, म्हणजे मालकाचं कर्तव्य संपलं का? माना हलवू नका एवढ्यात, आधी ऐका!

बार्शीकडे भाऊशेठचा पापडांचा कारखाना. तिथं पीठ मळायचं भलंथोरलं मशीन. त्या मशीनवर अनुसयेची दोन बोटं गेली, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या जागी शेवंताला उभं केलं! भाऊशेठ म्हणाला, "हे बटण दाबायचं, पीठ ढकलायचं. झालं शिक्षण!"

शेवंताच्या घरात दोन लेकरं, कमावणारी ही एकटी. पण बाई बोललीच — "शेठ, चालू करायचं कळलं. बंद कसं करायचं?"

"संध्याकाळी मिस्त्री येतो, तो करतो बंद!"

ऐकलंत? हात सकाळी अडकला तर संध्याकाळपर्यंत कळ काढायची!

"मग मी हात लावायची नाही," शेवंता म्हणाली.

"तर घरी बस!"

"बसते की! पण आधी तुम्ही चालवून दाखवा."

सगळ्या बायकांसमोर बोलली हो! भाऊशेठ इरेला पेटला. दाबलं बटण — घर्रर्र! पीठ ढकलायला वाकला, आणि सदऱ्याची बाही गेली पात्यात! "अगं बंद करा! बंद करा!" बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघतायत. शिकवलंय कुणाला? हात आत चालला —

आणि लाइट गेली!

एरवी शिव्या घालतो आपण. त्या दिवशी पांडुरंगच धावला म्हणा! पण लाइट परत आली तर? शेवंताच्या मनात राग होता, तरी ती धावली. बाही टराटरा फाडली, शेठचा हात ओढून काढला — आणि घर्रर्र! मशीन पुन्हा सुरू! राहिलेली बाही पिठात मळली गेली.

भाऊशेठ खाली बसून बोटं चाचपत होता. "मिस्त्रीला बोलवा. सगळ्यांना शिकवू दे. आधी मला."

"आणि अनुसयेला बोलवा," शेवंता म्हणाली. "पूर्ण पगारावर. शिकून घेईल, आणि नव्या बायकांना तीच शिकवील."

शेठनं मान खाली घातली. "बोलवतो."

हसताय काय? तुमच्या दुकानात, गिरणीत नवा माणूस आला की तुम्ही काय म्हणता? 'येईल बघून बघून!' बरं, या मंडपात एवढे दिवे, एवढे पंखे. मेन स्विच कुठंय, कोण सांगतं? करा हात वर!

एकही नाही?

मग हे टाळ ठेवले खाली! मंडपवाल्याला बोलवा, सगळ्यांना स्विच दाखवू दे, मग भजन. विठोबा काही म्हणायचा नाही. इतकी वर्षं विटेवर उभा आहे, अजून थोडा थांबेल!