सातव्या पायरीचा पुतण्या

नृसिंहवाडीच्या एसटीसाठी रांगेत माझ्या पुढं एक आजोबा आणि त्यांची कॉलेजातली नात उभी होती.

"आबा, फ्रान्सहून ल्युकचा मेसेज आलाय. विचारतोय, मी तुमचा नक्की कोण?"

"त्याचा पणजा नि माझा आज्जा सख्खे भाऊ. लिव्ह की तसं."

"इंग्रजीत त्याला सेकंड कझिन वन्स रिमूव्ड म्हणतात."

"लईच लांब गेलं की गं पोरगं."

"फ्रेंच लोक पायऱ्या मोजतात. त्यांच्या हिशेबानं तो सातव्या पायरीचा कझिन."

"त्याचा बा, आमचा रंगराव गेला, तवा तिकडं सुतक कुणी धरलं?"

"तिकडं सुतक नसतंच, आबा."

"वरीस झालं रंगाला जाऊन, आन् आपल्याला कळलं काल. दहा दिवस धरायचं ऱ्हायलंच. उशिरा कळलं तर निदान आंघोळ तरी कराय पायजे. म्हणून तर वाडीला निघालोय."

"पण काकांनी तुझ्या बाबांसाठी नदीत आंघोळ केली असं लिहिलं, तर त्याला काय कळणार?"

"न्हाय कळायचं."

"मग काय लिहू?"

"पुतण्या हाईस म्हणून लिव्ह. आन् इचार, बापाला पोचवताना त्याच्यासंगं कोण हुतं का."