आईले पेशंट बनवलं

तुमी विचारता ना, कोण्या कंपनीनं बोलावलं नाही तर फार्मासिस्ट परदेशात जातात कसे? अरे, तिथली परीक्षा आपल्या बळावर काढा लागते. तोंडी परीक्षेत एक बाई पेशंटचं नाटक करते आन आपण तिले गोळ्या समजावून सांगायच्या. सरावासाठी मी आईलेच पेशंट बनवलं.

अगदी गोड आवाजात विचारलं, "मावशी, बीपीची गोळी रोज घेता ना?"

"रोज कायले? डोकं दुखलं का घेतो."

"वा आई, मस्त नाटक जमलं तुले!"

"नाटक कायचं? खरंच सांगून राहिली."

मंग मी अशी वरडली, का पूर्ण गल्लीनं आयकलं. बाबा म्हणे, "तिथं अशी वरडली तर अकोल्यातच राहशीन."

परीक्षेत त्या बाईनं नेमकं आईचंच उत्तर दिलं. मी हसून, शांतपणे सारं समजावलं. पास झाली, आता व्हिसाही आला.

आईले हे सांगितलं, तर सकाळची गोळी गिळून म्हणते, "तिच्याशी एवढं गोड बोलली, मंग माह्यावर काहून वरडली?"

म्हटलं, "ती खोटी पेशंट होती, आई."