फ्लेक्सवर हाय तसं

टिळकवाडीतल्या सायबर सेंटरात कॉलेजचे फॉर्म भरायला रांग होती. उभं राहून कंटाळलेल्या कल्याणीबाईंचे कान पुढच्या बापलेकीकडं लागले.

“आप्पा, ‘गंभीर आजार’ असा रकाना हाय. काय लिहू?”

“न्हाय म्हणून लिव. कॅन्सर वाचला तर सीट द्यायची न्हाईत.”

“खोटं लिहू?”

“बरी झालीयास न्हवं? मग जगाला कशाला सांगायचं?”

“नंदगडच्या स्टँडवर फ्लेक्स कुणी लावला? ‘कॅन्सरवर मात करून आलेल्या रचनाचं हार्दिक स्वागत.’ वर माझा एवढा मोठा फोटो!”

“ते गावापुरतं गं.”

“समद्या बसा तिथंच थांबत्यात, आप्पा.”

“...उतरवू व्हय?”

“नको. मला आवडतोय.”

“मग फ्लेक्सवर हाय तसंच लिव. ‘हार्दिक स्वागत’ तेवढं सोड. ते आता कॉलेजनं करायचं.”