टाचेची जखम आणि आमचे हे

—नाही हो ताई, कापत-बिपत नाहीत, नुसतं जेल लावतात. हात पोळलाय ना तुमचा? याच खोलीत बघतील. माझी ही टाच. नवी चप्पल चावली, एवढासा ओरखडा — पण अंगात साखर, चिघळली ती चिघळलीच. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवं औषध तपासून बघतोय, येता का? मूळपेशी असतात म्हणे, त्या बारीक बारीक पिशव्या सोडतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या, आणि त्यांत जखमेला निरोप — सूज आवर, रक्त येऊ दे, कातडी धर. पेशी स्वतः येतच नाहीत, नुसता निरोप. मी म्हटलं, बाई, अगदी आमच्या घरासारखं. आम्ही दोघं नवरा-बायको एका छपराखाली, पण अबोला, आणि मी सुनेला फोन करून सांगायची, 'त्यांना सांग, जेवण झाकून ठेवलंय.' का म्हणजे? मी बहिणीकडे गेले तर यांनी माझं शिवणाचं मशीन विकून टाकलं — न विचारता. जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे.

तर टाच. गुडघ्यांमुळे मला वाकता येत नाही, मग रोजची पट्टी कोण करणार? हेच. चष्मा लावून पाटावर बसायचे, माझा पाय मांडीवर घ्यायचे, हळूच पट्टी सोडायचे. एक दिवस खाली बघत म्हणतात, 'आज बरी दिसतेस.' मी लाजले हो, या वयात — तर ते जखमेला म्हणत होते! हसा, हसा. मीही हसले. मग तेही हसले, आणि म्हणाले, 'मशीनचं चुकलंच माझं.' टाचेकडे बघूनच म्हणाले, पण म्हणाले.

औषधाचा गुण? कोण जाणे. निम्म्या लोकांना नुसतं साधं जेल देतात, कुणाला काय ते शेवटी कळणार. पण काल हे बाहेर गेल्यावर मी पाय खुर्चीवर घेऊन कशीबशी पट्टी सोडली, आरशात पाहिलं — बंद झालीय. गुळगुळीत. आता तुम्हीच सांगा, रोज पट्टी उघडतात हे, यांना दिसलं नसेल? आणि सकाळीच म्हणाले, 'अजून ओली आहे गं, हलू नकोस.' मग मीही कण्हले थोडी.

आत गेलं की डॉक्टरीणबाई 'भरली जखम' सांगून मोकळ्या होतील. म्हणून म्हणते, तुम्ही जा आधी, मला घाई नाही. जा ना — थांबा, चहा घेऊन आले हे. काही बोलू नका.

अहो, सावकाश. धक्का लागेल. दुखतंय अजून.