पाहुण्याचं पितळी भांडं

हसा लेको, पण माझ्या मथीचं लग्न मोडता मोडता राहिलं, तेही एका भांड्यापायी.

होऊ घातलेला व्याही कल्याणहून मुलीला बघायला आमच्या ठाण्याच्या मिठागरावर आलेला. आगगाडीत बसून आलेला, त्यामुळे नाक वर. आम्ही घरातले सगळे पेज करवंटीत पितो, पण पाहुण्याला करवंटी कशी द्यायची? म्हणून शेजारून पितळी भांडं मागून आणलं आणि चुलीवरची उकळती पेज त्यात ओतली.

त्याने भांडं उचललं आणि तोंड लालेलाल झालं. खाली ठेवलं तर मान जातो! मी आपला बिनघोर भुरके मारतोय.

शेवटी तो ओरडला, "अहो, एकाच मडक्यातली पेज, मग माझीच पेटलीय का?"

मी म्हटलं, "पेज तीच आहे. पितळ लगेच तापतं, करवंटीला तापायला वेळ लागतो. एवढंही कळत नाही?" माझी जीभ अशीच.

तो भांडं आपटून उठला. "असल्या घरची मुलगी नको आम्हाला!"

तेवढ्यात मथी भरलेली करवंटी घेऊन पुढे आली. "मामा, ही धरा. हिने हात भाजत नाही."

तो बसला. पेज संपवली. मग म्हणाला, "मुलगी पसंत आहे. बाप गाढव आहे, पण त्याला थोडंच नांदवायचंय?"

लग्न झालं. आता मी लेकीकडे गेलो की तो स्वतः करवंटीत पितो, आणि मला उकळती पेज पितळी भांड्यातच देतो. वर म्हणतो, "मान घ्या, व्याहीबुवा!"