बुवापाड्याच्या मोर्चाची कॅसेट

(अंबरनाथ. पोलीस ठाण्यातली एक खोली. टेबलावर टीव्ही आणि व्हीसीआर.)

फौजदार : बघा मालिनीताई, चित्र थांबवलंय. तुमच्या पाण्याच्या मोर्चातली हीच ती तुळशी. हात वर. आणि पुढच्याच शॉटला नगरपालिकेची काच फुटलेली. आणखी काय पुरावा पाहिजे?

मालिनी : हातात दगड कुठाय?

फौजदार : सुटला असेल.

मालिनी : असेल म्हणून लॉकअपमध्ये टाकलंत? तिचं तान्हं पोर सकाळपासून माझ्याकडे रडतंय, मला बघवत नाही. मधू, शूटिंग तुझंच ना?

मधू : साहेबांनी मोर्चाचं शूटिंग करायला बोलावलं, ताई. लग्नसराई संपली की कॅमेरा नुसता पडून असतो.

मालिनी : आणि तिचं नाव कुणी दिलं?

मधू : मीच. तिच्या लग्नाची कॅसेट मी काढलेली ना. पण मला काय माहीत तिला उचलतील?

फौजदार : त्याच्यावर काय चिडता? पूर्वी काच फुटली की अख्खा बुवापाडा व्हॅनमध्ये कोंबायचो आम्ही. आता कॅमेरा आहे म्हणून एकच बाई आणली.

मालिनी : एकच, पण चुकीची. टीव्हीचा आवाज का बंद ठेवलाय?

फौजदार : घोषणांनी डोकं उठतं. आम्हाला चेहरे पाहिजेत.

मालिनी : मधू, आवाज वाढव. आणि थोडं मागे घे.

मधू : हं. ही वळली. पदर सावरला. मला बघून हात केला.

मालिनी : आता ऐका साहेब.

फौजदार : परत लाव रे.

मधू : खळ्ळकन वाजलं बघा. हात अजून वरच आहे तिचा, पंजा रिकामा. आणि काच फुटली पण.

मालिनी : एकच काच फुटली ना?

फौजदार : एकच.

मालिनी : मग मी तुळशीला घरी नेते.

फौजदार : न्या. हवालदाराला सांगतो. पण काच कुणीतरी फोडलीच की. मधू, बाकीच्या बाया दाखव. एकेकीचं नाव सांगत जा.

मधू : नाही साहेब.

फौजदार : का, ओळखत नाहीस?

मधू : सगळ्यांना ओळखतो. त्याही मला ओळखतात, म्हणून तर वळून बघतात.