गळ्याची गुंडी

शिंपी : तुमचा हा पांढरा कोट डाव्या खांद्यावर उचललाय, डॉक्टर. बाही घाईत लावलीय कुणीतरी. उसवून पुन्हा—

डॉक्टर : काका, कोट राहू द्या. मी तुमच्या मानेतल्या गाठीबद्दल बोलतेय.

शिंपी : ऐकतोय की! डोळे कोटावर आहेत, कान इकडेच आहेत.

बायको : ह्यांचे कान कुठे असतात ते मला विचारा. लग्न झाल्यापासून शोधतेय.

डॉक्टर : बरं, काकू, तुम्हीच सांगा. ही गाठ आली कधी?

शिंपी : हे काय, परवापरवा.

बायको : परवा? आणि गळ्याची गुंडी कधीपासून सरकवताय? डॉक्टर, ह्यांना शर्ट गळ्याशी आवळायला लागला. दुसरा कुणीही आरशात मान बघेल. ह्यांनी गुंडी सरकवली. आधी एका शर्टाची, मग सगळ्या शर्टांची. मला सांगतात, धुऊन कापड आटलं.

शिंपी : हलकं कापड आटतंच.

बायको : नेमकं गळ्यापाशीच?

डॉक्टर : काका, तपासायला काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आलाय. सरळच सांगते. हा कॅन्सर आहे. लिम्फोमा म्हणतात याला.

बायको : अहो, कोटाचं बोला हवं तर.

शिंपी : नको. कुठं असतं हे, लिम्फोमा?

डॉक्टर : अंगभर बारीक नळ्यांचं जाळं असतं, आणि मधे मधे अशा छोट्या ग्रंथी. बाहेरून आलेलं काही आत शिरू नये म्हणून तिथे पहारा असतो. त्या पहारेकरी पेशीच बिघडल्यात.

शिंपी : म्हणजे अस्तर. बाहेरून दिसत नाही, पण बिघडलं की कपडा अंगावर बसत नाही.

डॉक्टर : चालेल, अस्तर म्हणा. आणि त्या पेशींत एक विषाणू सापडलाय. तो थुंकीतून पसरतो. या कॅन्सरशी त्याचा संबंध असू शकतो.

शिंपी : बघ! तुकडा काढणारा तो चष्मेवाला डॉक्टर म्हणालाच होता, असला विषाणू आहे का तेही बघू म्हणून. मी उगाच नाही पथ्य धरलं.

बायको : पथ्य? हे पथ्य होतं?

डॉक्टर : कसलं पथ्य?

बायको : मी दुकानात काजं करते, गुंड्या लावते. मला सुईचं नेढं दिसत नाही, म्हणून हे दोरा ओठांत ओला करून सुईत ओवून देतात आणि शेवटी मी दातानं तोडते. आजवर असंच चाललं. त्या तुकड्यानंतर सगळं बंद! कप वेगळा, पेला वेगळा, खुर्ची टेबलाच्या पार त्या टोकाला. दोरा वाटीतल्या पाण्यात बुडवायचा, आणि ओवलेल्या सुया टाचण्यांच्या उशीला टोचून ठेवायच्या. मला वाटलं, रागावलेत. आमची सगळी जुनी भांडणं आठवून काढली हो मी! दोन-तीन भांडणांत चूक माझीच निघाली. मनातल्या मनात माफी मागितली ह्यांची.

शिंपी : मागितलीस?

बायको : आता परत घेतली.

डॉक्टर : काका, हा विषाणू जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसात असतो. बहुतेकांना लहानपणीच मिळतो आणि जन्मभर आत गुपचूप पडून राहतो. माझ्यात असेल. काकूंमध्येही बहुतेक असणारच.

शिंपी : म्हणजे मी नाही दिला तिला?

डॉक्टर : कुणी कुणाला दिला, ते आता देवालाही सांगता येणार नाही. आणि कॅन्सर काही उष्ट्या पेल्यातून लागत नाही.

बायको : ऐका! माझ्या घरात माझ्यापासूनच पेला लपवत होते.

शिंपी : सगळ्यांत आहे, तर माझाच का उठून बसला?

डॉक्टर : ते नेमकं आम्हालाही अजून कळलेलं नाही, काका. पण उपचार चांगले आहेत. बरेच जण बरे होतात. शब्द देत नाही, पण लवकर सुरू करू या. केस मात्र जातील.

बायको : आहेत कुठे जायला?

डॉक्टर : काका, काही विचारायचंय?

शिंपी : एकच. हिचे डोळे दुरुस्त होतात का?

बायको : माझे डोळे मधेच कुठून आले?

शिंपी : उशीला सुया टोचून ठेवत होतो ना, त्याचसाठी गं. नुसत्या थुंकीचं भय नव्हतं मला. मी नसलो तर तुला सुई ओवून कोण देणार? मग म्हटलं, भरपूर ओवून ठेवू. उशी भरली. पण रात्री हिशेब घातला, किती ओवल्या तरी संपणारच त्या.

बायको : डॉक्टर, तुमचा कोट द्या इकडे. डावा खांदा खरंच उचललाय.

(शिंप्याचं दुकान. बायको काउंटरशी बसलीय. टाचण्यांच्या उशीवर एकही सुई नाही.)

शिंपी : सुया कुठे गेल्या?

बायको : दोरे काढून डबीत टाकल्या. ही घ्या एक. ओवून द्या.

शिंपी : पाण्याची वाटी?

बायको : घासून फळीवर ठेवली. तोंड आहे ना?

शिंपी : (दोरा ओठांत ओला करून ओवतो) घे.

बायको : इतका वेळ लागतो?

शिंपी : सवय मोडली होती. कुणाचं काम आहे हे? निळं कापड ओळखीचं वाटतंय.

बायको : तुमचाच शर्ट. गळ्याची गुंडी जुन्या जागी लावतेय.

शिंपी : अगं, गाठ आहे तोवर नाही लागायची ती मला.

बायको : माहीत आहे. लावून ठेवते.